नेवाळी ते मंदुरी : न झालेल्या उड्डाणाचे अंतर

कोणत्याही दोन विमानतळांची नावे द्या, त्यांमधील हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ सांगतो, असे म्हणणारी गणनयंत्रे आता सर्वांच्या हाताशी आहेत. त्या दोन ठिकाणांमध्ये विमान जाते की नाही, याची चौकशी ती करत नाहीत. अक्षांश आणि रेखांश मिळाले की त्यांचे काम होते. कल्याणजवळच्या नेवाळी येथील जुनी धावपट्टी आणि उत्तर प्रदेशातील आझमगढजवळचा मंदुरी विमानतळ ही जोडी घेतली, तर सरळ रेषेतील अंतर सुमारे १,२८० किलोमीटर भरते. ताशी ८०० किलोमीटर वेग धरायचा, चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास वर द्यायचा, की प्रवासाचा वेळ दोन तास सहा मिनिटे निघतो. गणितात चूक नाही. मात्र या आकड्याला प्रवासी नाही. नेवाळीहून नागरी विमान उडत नाही, आणि मंदुरीला विमान पोहोचले ते लखनौहून.

ही जोडी मी का निवडली, हे सांगितले पाहिजे. नेवाळीची धावपट्टी भिवंडीच्या निजामपुऱ्यापासून सरळ रेषेत पंधरा-सोळा किलोमीटरांवर आहे. म्हणजे निजामपुऱ्याला सर्वांत जवळचा 'विमानतळ' तोच. आणि निजामपुऱ्याच्या आसपास मागांवर ज्या घराण्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांतील अनेकांची मूळ गावे मऊ, मुबारकपूर, आझमगढ या पट्ट्यातील. त्या गावांच्या परिसरातला नवा विमानतळ मंदुरी. म्हणजे नकाशावर पाहिले तर ही रेषा घरापासून घरापर्यंत जाते. त्या रेषेचा इतिहास पाहणे हा या लेखाचा हेतू आहे, आणि तो इतिहास विमानांपेक्षा बराच जुना आहे.

प्रारंभ शब्दापासूनच करू. 'अंतर' या शब्दाचे मराठीतील वर्तन मोठे चमत्कारिक आहे. दोन वस्तूंमधील मोकळी जागा म्हणजे अंतर, आणि मनाचा आतला भागही अंतरच. 'अंतर देणे' म्हणजे आश्रितास सोडून देणे. जागा आणि नाते यांना एकच शब्द पुरवणाऱ्या भाषेने अंतर मोजण्याची मापेही माणसाच्या देहातून आणि श्रमातून घेतली, यात नवल नाही. 'कोस' हा संस्कृत 'क्रोश'चा वंशज, आणि क्रोश म्हणजे ओरडणे, हाक. आपण आजही 'हाकेच्या अंतरावर' म्हणतो तेव्हा नकळत कोसाच्या मुळाशी जातो. 'योजन' हे जुंपण्यातून आले. 'मजल' अरबी 'मंझिल'मधून, म्हणजे उतरण्याचे ठिकाण. एका दिवसात चालून जेथे उतरायचे ते. जुन्या मराठीत यालाच 'पेणे' असा शब्द होता. ही सारी मापे लांबीची दिसत असली तरी वस्तुतः वेळेची आणि दमाची आहेत. म्हणूनच घाटातला कोस आणि देशावरचा कोस सारखे नसत, आणि त्याबद्दल कोणी तक्रारही करत नसे. गाव किती दूर, या प्रश्नाला 'दोन मजला' हे उत्तर पूर्ण होते, कारण विचारणाऱ्याला गाव मोजायचे नसून गाठायचे असे.

शास्त्रीय परंपरेतही काळाची ही साथ सुटलेली नाही. भास्कराचार्यांनी पृथ्वीचा परिघ ४,९६७ योजने सांगितला, हे अनेकांना ठाऊक असते. पण ज्योतिषांना पूर्व-पश्चिम अंतराची खरी गरज पडे ती 'देशांतर' काढताना. उज्जयिनीवरून जाणारी मध्यरेषा धरून तिच्यापासून आपले गाव किती पूर्वेला किंवा पश्चिमेला आहे, हे घटका-पळांत सांगायचे आणि ग्रहांच्या स्थानांना तेवढा संस्कार द्यायचा. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांचा 'ग्रहलाघव' हा ग्रंथ (शके १४४२) ज्या पंचांगकर्त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरला, त्यांना हा हिशेब हातचा होता. या रीतीने भिवंडी उज्जैनच्या पश्चिमेला सुमारे सत्तावीस पळांवर आहे. पृथ्वीच्या पाठीवरील जागेचे अंतर पळांत सांगणे आज आपल्याला काव्यमय वाटते. ज्योतिषांना ते रोजचे रुक्ष गणित होते. आजचे गणनयंत्र ज्याला रेखांशांमधील फरक म्हणते तो हाच. पंधरा अंशांना एक तास, एका अंशाला चार मिनिटे. या चार मिनिटांकडे आपण शेवटी पुन्हा येऊ.

निजामपुऱ्याकडे वळू. भिवंडी आणि निजामपूर ही दोन नावे नगरपालिकेच्या नावात एकत्र नांदली आणि आजच्या महापालिकेच्या नावातही ती तशीच आहेत. भिवंडी ही मुळात खाडीकाठची वस्ती. कामवारी नदी आणि उल्हासची खाडी यांच्यामुळे समुद्राशी संबंध, आणि घाटवाटांमुळे देशाशी. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी आदिलशाहीकडून घेतली, त्यामागे या दुहेरी स्थानाचे महत्त्व होते. खाडीकाठच्या वस्तीला अंतर कोसांत सांगून भागत नाही. मचव्याने वसईला किंवा ठाण्याला जायचे तर भरती कधी आणि ओहोटी कधी हे आधी विचारावे लागते. तीच वाट, तोच मचवा, पण भरती चुकली की प्रवास सहा तासांनी लांबतो. भिवंडीचे 'दूर' आणि 'जवळ' असे दिवसातून दोनदा बदलत असे.

भूमार्गावरील वेगाची कल्पना यायची असेल तर पानिपतच्या बातमीचा प्रवास पाहावा. लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. नानासाहेब पेशव्यांना सावकारी जासुदाकरवी सांकेतिक भाषेतील वार्ता भेलशाजवळ मिळाली ती २४ जानेवारीच्या सुमारास. पानिपत ते भेलसा हे सरळ रेषेतील अंतर साडेसहाशे किलोमीटर धरले, तर दिवसाला पासष्ट किलोमीटर पडतात, आणि प्रत्यक्ष वाट त्याहून लांब असणार. ही गती ज्या व्यवस्थेने साधली ती सावकारांची होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे. हुंडीच्या व्यवहारात बातमी उशिरा पोहोचणे म्हणजे नुकसान. म्हणून पेढ्यांचे जासूद सरकारी डाकेच्याही पुढे धावत. वेगाचा संबंध सत्तेपेक्षा पैशाशी अधिक जवळचा आहे, हे अठराव्या शतकातही खरे होते. त्याच वाटेवरून लढाईतून वाचलेले जे लोक पायी परतले, त्यांना त्याच अंतराला महिने लागले.

एकोणिसाव्या शतकात मुंबई-आग्रा रस्ता झाला आणि भिवंडी त्या रस्त्यावरचे मोठे ठाणे बनले. मराठी वाचकाला या काळातील उत्तरेकडचा पायी प्रवास म्हटले की विष्णुभट गोडसे आठवतात. पेणजवळच्या वरसईचे हे गृहस्थ १८५७ साली बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञातील दक्षिणेच्या आशेने निघाले, महूच्या आसपास त्यांना बंडाची वार्ता लागली, आणि दोन-अडीच वर्षांनी ते गंगेची कावड घेऊन घरी परतले. १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी प्रसिद्ध केलेल्या 'माझा प्रवास'चे महत्त्व झाशीच्या वर्णनासाठी सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्या पुस्तकाला मी प्रवासाच्या वेळेचा ग्रंथ म्हणूनही वाचतो. तेथे अंतर म्हणजे मुक्काम. मुक्काम म्हणजे कोणीतरी दिलेला आसरा, शिजवलेला भात, चोरांचे भय आणि दुसऱ्या दिवसाची वाट. दोन गावांमधला प्रदेश त्या लेखनात रिकामा राहतच नाही.

गोडसे भटजी उत्तरेकडे गेले त्याच काळात आणि त्यानंतरच्या दशकांत त्या रस्त्याने उलट दिशेला एक मोठा प्रवाह वाहत होता. मऊ, मुबारकपूर, आझमगढ, बनारस, अलाहाबाद या भागांतले मोमीन विणकर दक्षिणेकडे निघाले होते. एकीकडे १८५७ नंतरची दडपशाही, दुसरीकडे गिरणीच्या स्वस्त कापडाने बुडालेला हातमाग आणि दुष्काळ. बऱ्हाणपूर, धुळे, मालेगाव आणि भिवंडी ही या प्रवाहाची ठिकाणे. नकाशावर ती पाहिली तर आग्रा रस्त्याच्या आणि त्याला मिळणाऱ्या वाटांच्या कडेने ओवल्यासारखी दिसतात. भिवंडीत त्यांच्याआधीपासून कोकणी मुसलमानांची वस्ती होतीच. कोकणीशी नाते सांगणारी बोली बोलणारे हे लोक आणि पूर्वी हिंदी बोलणारे नवागत एकाच गावात, पण वेगवेगळ्या अंतरांच्या आठवणी घेऊन राहू लागले. या विणकरांपैकी कोणी गोडसे भटजींसारखे प्रवासवृत्त लिहून ठेवल्याचे माझ्या वाचनात नाही. गोडशांना वैद्य भेटले. यांना कोणी वैद्य भेटले नसावेत. त्यामुळे मऊ ते भिवंडी या प्रवासाला किती दिवस लागत, हे आपण केवळ हिशेबाने सांगू शकतो. रस्त्याने चौदाशे किलोमीटरांच्या वर अंतर, दिवसाची मजल पंचवीस-तीस किलोमीटर, बरोबर बायकामुले; न थांबता चालले तरी दीड-दोन महिने. आणि माग विकत घेण्याइतके पैसे जमेपर्यंत मधल्या गावांत कोणी थांबला, तर त्या मुक्कामाची गणना प्रवासात करायची की वास्तव्यात? बऱ्हाणपुरात वा मालेगावात एखादी पिढी काढून मग भिवंडीला आलेल्या घराण्याचा 'प्रवासाचा वेळ' तीस वर्षे होतो.

दरम्यान लोहमार्ग आला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हे ३४ किलोमीटरांचे अंतर तासाभराच्या आसपास कापले गेले आणि १ मे १८५४ रोजी गाडी कल्याणला पोहोचली. या मार्गाने खाडी ओलांडली ती भिवंडीला उत्तरेस सोडून. कल्याण स्थानक निजामपुऱ्यापासून सरळ रेषेत दहा-अकरा किलोमीटर. आज हे अंतर क्षुल्लक वाटते. पण ज्या दिवशी कल्याण मुंबईपासून दोन तासांवर आले, त्या दिवशी भिवंडी मुंबईपासून 'कल्याणच्या पलीकडे' गेली. एकही दगड हलला नाही आणि एक गाव दूर झाले. वसई-दिवा मार्गावरील भिवंडी रोड स्थानक मिळायला पुढे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तेही गावाच्या कडेला. स्थानकाच्या नावात 'रोड' असले की गाव तेथून काही अंतरावर आहे असे समजावे, हा भारतीय रेल्वेचा अलिखित संकेत येथेही पाळला गेला आहे.

रेल्वेने घड्याळेही बदलली. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती. १९०६ पासून देशाला साडेपाच तासांची एक वेळ मिळाली. तरी मुंबई नगरपालिकेने आपली एकोणचाळीस मिनिटे मागची 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत जपली. हट्ट म्हणून आपण त्याकडे हसून पाहतो, पण आपल्या डोक्यावरचा सूर्य सोडून साडेब्याऐंशी अंशांवरच्या परक्या सूर्याचे ऐकायचे, ही गोष्ट त्या पिढीला सोपी गेली नाही, एवढे त्यातून कळते. गंमत अशी की मऊ-आझमगढचा पट्टा या प्रमाण रेखांशाच्या अगदी जवळ आहे. निजामपुऱ्यातील विणकर आपल्या गावचा सूर्य सोडून आला होता. १९०६ नंतर भिवंडीचे घड्याळ त्याच्या गावच्या सूर्याप्रमाणे चालू लागले.

आता आकाशमार्ग. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून 'पस मॉथ' जातीच्या लहान विमानातून उड्डाण केले. बरोबर सुमारे २५ किलो टपाल होते. ते टपाल इम्पीरियल एअरवेजच्या विमानाने लंडनहून कराचीपर्यंत आलेले. मधे अहमदाबादला इंधनासाठी थांबा झाला. इंधनाचे डबे बैलगाडीतून आणले गेले होते. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी विमान जुहूच्या सपाट चिखलवट मैदानावर उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासकडे नेले.

या उड्डाणाची कथा पुष्कळदा सांगितली जाते. तिच्यातील अंतराकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. कराची ते मुंबई सरळ रेषेत पावणेनऊशे किलोमीटरांच्या आसपास. अहमदाबादमार्गे तेच एक हजार तीस-चाळीस किलोमीटर होते. म्हणजे ज्या पहिल्या उड्डाणाला आपण सरळ रेषेचा विजय मानतो, त्यालाच दीडशेहून अधिक किलोमीटरांचा वळसा पडला होता, आणि त्या वळशाचे कारण एक बैलगाडी होते. कारण इंधनाची टाकी रेषा पाहत नाही. सव्वासात तासांत हजार किलोमीटर, म्हणजे थांब्यासह ताशी सुमारे १४३. शिवाय जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, म्हणून त्या महिन्यांत मुंबईचे विमान पुण्याला उतरे. खाडीवरच्या मचव्यासारखीच विमानालाही ऋतूची आणि पाण्याची वाट पाहावी लागत होती. आणखी एक गोष्ट : त्या विमानातून माणसे गेली नाहीत, पत्रे गेली. पानिपतच्या जासुदाप्रमाणेच येथेही वेग प्रथम मिळाला तो व्यापाराच्या आणि सरकारच्या कागदांना.

येथे वाङ्मयाच्या अभ्यासकांनी थोडे थांबावे असे मला वाटते. पंडिता रमाबाईंच्या 'इंग्लंडचा प्रवास' (१८८३) या पत्ररूप लेखनात बोटीवरचे दिवस हाच मोठा विषय आहे. समुद्र, सहप्रवासी, बंदरे, खाण्यापिण्याची अडचण. बोटीच्या काळातील विलायतेच्या मराठी प्रवासवर्णनांत मधल्या प्रवासाला प्रकरणेच्या प्रकरणे मिळतात. विमान आले आणि मराठी प्रवासवर्णनातून हा मधला भाग हळूहळू गळाला. आता लेखक सांताक्रूझला चढतो आणि पुढच्या परिच्छेदात हीथ्रोला उतरतो. मधे फार तर हवाई सुंदरी आणि मिळमिळीत जेवण यांवर एखादा विनोद. प्रवासाचा वेळ घटला, एवढेच यात झाले नाही. तो वर्णनाला अपात्र ठरला. गणनयंत्राची सरळ रेषा जशी मधले काही पाहत नाही, तसेच गद्यही मधले पाहीनासे झाले. या दृष्टीने त्या यंत्राला आपल्या विमानोत्तर प्रवासवर्णनाचा धाकटा भाऊ म्हणायला हरकत नाही.

नेवाळीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धातली. जपान ब्रह्मदेशापर्यंत आल्यावर ब्रिटिश सरकारने देशभर घाईने अनेक धावपट्ट्या बांधल्या. कल्याणच्या दक्षिणेस, हाजीमलंगच्या डोंगराखालच्या गावांतील शेतजमीन घेऊन ही त्यांपैकी एक झाली. युद्ध संपले, विमाने गेली, आणि जमीन कागदोपत्री संरक्षण खात्याकडे राहिली. शेतकरी मात्र ती कसत राहिले. त्यांचे म्हणणे, युद्धापुरती घेतलेली जमीन युद्धानंतर परत यायला हवी होती. मुंबईला दुसरा विमानतळ हवा अशी चर्चा सुरू झाली की अधूनमधून नेवाळीचे नाव निघे आणि मागे पडे. पुढे नौदलाने जागेभोवती कुंपणाची भिंत घालण्यास प्रारंभ केला, आणि २२ जून २०१७ रोजी आंदोलनाने हिंसक वळण घेतले. पोलिसांची वाहने जाळली गेली. पोलीस आणि शेतकरी, दोन्ही बाजूंचे लोक जखमी झाले. पाऊण शतक ज्या धावपट्टीवरून कोणी प्रवास केला नाही, तिच्यासाठी. 'विमानतळ' या मराठी शब्दातला 'तळ' मूळचा लष्करी मुक्कामाचा. तळ पडतो आणि उठतो. नेवाळीचा तळ उठला, पण जमीन उठली नाही.

दुसऱ्या टोकाकडे पाहू. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने लहान गावांना विमानसेवेने जोडण्याची 'उडान' योजना मांडली. २७ एप्रिल २०१७ रोजी तिची पहिली उड्डाणे झाली. त्यांत आपल्या नांदेडहून हैदराबादला जाणारे एक होते. या योजनेत भाड्याची मर्यादा घालताना जे सूत्र घेतले ते मला मोठे बोलके वाटते : सुमारे एक तास, म्हणजे सुमारे ५०० किलोमीटर, म्हणजे २,५०० रुपये. काळ, अंतर आणि पैसा यांचे असे सरळ समीकरण सरकारी कागदावर क्वचितच आले असेल. योजनेतील अनेक मार्ग सुरू झाले आणि बंदही पडले, हे या समीकरणाचे दुसरे अंग. प्रवासी पुरेसे नसले की अनुदानाची मुदत संपताच तास, किलोमीटर आणि रुपये एकमेकांना सोडून जातात.

मंदुरीच्या धावपट्टीला याच धोरणाने बळ मिळाले. १० मार्च २०२४ रोजी आझमगढ विमानतळाचे उद्घाटन झाले आणि १९ आसनांच्या विमानाने तो लखनौला जोडला गेला. सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरांचा टप्पा. पण त्याआधीच, ऑक्टोबर २०२२ पासून, विमानतळाच्या विस्तारासाठी जमीन आणि घरे देण्यास नकार देणाऱ्या आसपासच्या गावकऱ्यांनी 'खिरिया की बाग' येथे धरणे धरले होते. त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. त्या गावांतील लोकांचे म्हणणे ऐकले की नेवाळीची आठवण होते : जमीन आमची, उड्डाण दुसऱ्याचे. १,२८० किलोमीटरांच्या रेषेची दोन्ही टोके अशा रीतीने शेतात रुतलेली आहेत. गणनयंत्राला ही टोके म्हणजे दशांश चिन्हानंतरचे चार आकडे आहेत.

मग निजामपुऱ्यातून मऊला माणूस आज जातो कसा? विमानाने जायचे ठरवले, तर मुंबईचा विमानतळ सरळ रेषेत एकतीस किलोमीटर आणि डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालेला नवी मुंबईचा सुमारे पस्तीस. रस्त्यावरची गर्दी पाहता घरातून निघून तेथे पोहोचायला दीड-दोन तास, तेथील तपासणी आणि प्रतीक्षा दोन तास, वाराणसीपर्यंतचे साडेबाराशे किलोमीटर सव्वादोन तासांत, आणि बाबतपूरहून मऊपर्यंतचे शंभराहून अधिक किलोमीटर पुन्हा रस्त्याने अडीच-तीन तास. नऊ-दहा तासांतील सव्वादोन आकाशात, बाकी सारे जमिनीवर. यंत्रमागावर तागा-मीटरच्या हिशेबाने मजुरी घेणारा कामगार हा मार्ग सहसा घेत नाही. तो कल्याणला किंवा कुर्ल्याला जाऊन गाडी पकडतो. त्यांतील एका गाडीचे नाव 'गोदान' आहे. मुंबईहून पूर्वांचलाकडे जाणाऱ्या गाडीला प्रेमचंदांच्या कादंबरीचे नाव देणाऱ्या अनामिक अधिकाऱ्याच्या रसिकतेला दाद दिली पाहिजे. स्वतः प्रेमचंद १९३४ साली चित्रपटलेखनासाठी मुंबईत आले आणि वर्षाच्या आत परतले. १९३६ च्या त्या कादंबरीतला होरीचा मुलगा गोबर गाव सोडून शहरात जातो. आरक्षणाविना डब्यात दीड हजार किलोमीटर बसून, अनेकदा उभ्याने, जाणाऱ्या कितीतरी गोबरांना आपल्या गाडीच्या नावाचा अर्थ ठाऊकही नसेल. दिवसाहून जास्त वेळ लागतो, आणि गाडी उशिरा धावली तर त्याची दखल कोणी घेत नाही.

या साऱ्या वेगांची कसोटी २०२० साली लागली. २५ मार्चपासून टाळेबंदी. रेल्वे बंद, देशांतर्गत विमाने २५ मेपर्यंत बंद. माग थांबले, मजुरी थांबली, खोलीचे भाडे थांबले नाही. एप्रिल-मे महिन्यांत भिवंडीच्या बाह्यवळणावरून नाशिकच्या दिशेने माणसांच्या रांगा चालू लागल्या. डोक्यावर बोचकी, काखेत मुले, काहींकडे सायकली. कसाऱ्याचा घाट चढून धुळे, सेंधवा, इंदूर. हा तोच आग्रा रस्ता. ज्या रस्त्याने दीडशे वर्षांपूर्वी विणकर दक्षिणेस आले होते, त्याच रस्त्याने त्यांच्यासारखेच कामगार उत्तरेस चालले होते, आणि मजलही तीच : दिवसाला तीस, फार तर चाळीस किलोमीटर. मऊपर्यंत पस्तीस-चाळीस दिवस. मे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिक विशेष गाडी सुटली. ज्या स्थानकात लांब पल्ल्याच्या गाडीत चढायची भिवंडीला सवय नव्हती, तेथून. पण अनेकांनी गाडीची वाट न पाहता चालणे पत्करले होते. त्या दिवसांत निजामपुरा ते मऊ हे अंतर किती होते? गणनयंत्रे तेव्हाही चालू होती आणि विचारले असते तर सुमारे तेराशे किलोमीटर, दोन तास, असेच उत्तर मिळाले असते.

पृथ्वीच्या गोलावरून काढलेले हे सरळ अंतर निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही. टोकांवरच्या माणसांसाठी त्याचा एक अगदी घरगुती उपयोग आहे, आणि येथे देशांतराची ती चार मिनिटे पुन्हा भेटतात. मऊ भिवंडीच्या साडेदहा अंश पूर्वेला. दिवस-रात्र समान असतात त्या सुमारास मऊचा सूर्य भिवंडीच्या सूर्याच्या सुमारे ४२ मिनिटे आधी मावळतो. उन्हाळ्यात हा फरक कमी होतो, हिवाळ्यात वाढतो. घड्याळ दोन्हीकडे एकच. रमजानमध्ये निजामपुऱ्यातील माणूस संध्याकाळी मऊला फोन करतो तेव्हा तिकडे रोजा सुटलेला असतो आणि इकडे अजून पाऊण तास असतो. रोजा सोडायचा तो आपण जेथे आहोत तेथल्या सूर्यास्ताला. त्यामुळे सकाळी मुंबईत सहेरी करून विमानाने वाराणसीमार्गे मऊला गेलेल्याचा रोजा तेवढ्याने लहान होतो, आणि तिकडून सहेरी करून इकडे येणाऱ्याचा तेवढ्याने लांबतो. पायी येणाऱ्या विणकरांच्या वाट्याला हा फरक दिवसाला मिनिटभरसुद्धा आला नसेल.